दारातून दिसेल असा टीव्ही

रविवारी दुपारी चार वाजता भक्तीचा सामना होता, आणि शुक्रवारचा दुसरा चहा पिऊन झाला तरी कोणता टीव्ही आणायचा यावर दोघा भावांचं एकमत व्हायला तयार नव्हतं. गोपीचंद रेल्वेतून दोन दिवसांची रजा टाकून, बायकोला घेऊन पूर्णेहून मुद्दाम बोरीला आला होता. आल्या आल्या त्याने मोबाइल काढला आणि थोरल्या भावाला शिकवायला बसला. थोरल्याचं, म्हणजे बालाजीचं, म्हणणं एका वाक्यात संपत होतं. त्याला इंच हवे होते.

“पासष्ट इंची घेऊ. भिंतभर. मायला दिसंना म्हणून आणायलोत ना? मग मोठाच पाहिजे.”

“दादा, नुसते इंच बघून टीवी घेत नसतेत. ओएलईडी म्हणून असतोय. त्याच्यात एकेक टिपका आपला आपण पेटतोय न विझतोय. काळं म्हणजे एकदम काळं. साध्या एलईडीत मागून दिवा लावलेला असतोय, त्याच्यामुळं काळं बी भुरकट दिसतंय.”

“पोरीचा सामना लख्ख उजेडात हाय. काळ्याचं काय लोणचं घालतूस?”

“तुला सांगून उपयोग न्हाई.”

“मग कामून सांगायलास दोन तास झाले?”

बालाजीची बायको राजेश्री ओट्याजवळ उभी राहून हे सगळं ऐकत होती आणि तिला मनातून बरं वाटत होतं. तीन वर्षांपूर्वी वाटणी झाली, तेव्हापासून या दोघांचं बोलणं निरोपावर आलं होतं. ‘दादाला सांगा’, ‘गोप्याला कळवा’, आणि सांगणाऱ्या-कळवणाऱ्या दोघी जावा. आज ते समोरासमोर बसून एकमेकांची अक्कल काढत होते. भांडतायत म्हणजे बोलतायत, असा तिने सरळ हिशेब लावला आणि दोघांना पुन्हा अर्धा अर्धा कप चहा पाठवला.

बैठकीत दोघा भावांचे वडील दिनकरराव टीव्हीच्या बरोबर समोर, आपल्या लाकडी खुर्चीत बसले होते. या घरात निवाडा त्यांचा. पण वाटणीनंतर त्यांनी मुलांच्या मधे पडणं सोडलं होतं, त्यामुळे ते बातम्या बघत असल्याचा आव आणून ऐकत होते. आणि बैठकीतून स्वयंपाकघरात जाणाऱ्या दारात, चौकटीला पाठ टेकून, एक गुडघा वर घेऊन त्यांची आई चतुराबाई मेथी निवडत होत्या. टीव्ही या घरात आल्यापासून त्यांची बघायची जागा तीच. पुढ्यात भाजी, कान गॅसकडे, मान टीव्हीकडे वळवलेली. ज्या माणसाच्या डोळ्यांसाठी हा सगळा खटाटोप चालला होता, त्यालाच अजून कुणी काही विचारलं नव्हतं.

डोळ्यांची गोष्ट अशी झाली होती. दिवाळीनंतर चतुराबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तीनदा तपासून नजर चांगली असल्याचं सांगितलं. मग गेल्या महिन्यात मुलींची खो-खो लीग सुरू झाली आणि भक्ती, राजेश्रीची थोरली, पहिल्यांदा टीव्हीवर आली. सामना संपल्यावर बालाजीने उत्साहाने विचारलं, “माय, दिसली का भक्ती?” तर चतुराबाई म्हणाल्या, “सगळ्या सारख्याच दिसायल्या बाबा. पांढऱ्या पांढऱ्या.”

भक्तीच्या संघाचे कपडे हळदीसारखे पिवळेधमक होते. 

त्या दिवसापासून घराने चतुराबाईंना आंधळं ठरवून टाकलं. धान्याच्या खोलीच्या किल्ल्या त्यांच्या कमरेच्या निघून बालाजीच्या खिशात गेल्या. गॅसजवळ जायची बंदी झाली. एकटीने शेतात जायचं नाही, विहिरीकडे तर बिलकुल नाही. सोमवारी नांदेडला मोठ्या डॉक्टरांकडे नंबर लावला होता. चतुराबाई म्हणत राहिल्या, अरे मी सुईत दोरा ओवते, वळणावरून येणारा माणूस मला चालीवरून कळतो. पण म्हाताऱ्या माणसाने ‘मला चांगलं दिसतं’ म्हणावं आणि घरच्यांनी ते मनावर घ्यावं, असं कुठे होतं?

राजेश्रीला सगळ्यात जास्त लागलं होतं ते पुढच्या सामन्याच्या वेळी. चतुराबाई जागेवर येऊन बसल्या, तेव्हा दिनकरराव सहज बोलून गेले, “तुला दिसंना तर कशाला ताटकळत बसतीस? जा, आत पड जरा.” चतुराबाई उठल्या आणि सामनाभर मागच्या अंगणात बसून राहिल्या. बैठकीत कुणी ओरडलं की तेवढी मान वर करायच्या.

दोन वर्षांपूर्वी भक्तीला खेळाच्या वसतिगृहात पाठवायचं निघालं, तेव्हा दिनकररावांनी साफ नाही म्हटलं होतं. बालाजीची बापापुढे बोलायची टाप नव्हती आणि राजेश्रीची तर नव्हतीच. पोर आत रडत होती. तेव्हा याच दारातून चतुराबाई म्हणाल्या होत्या, “जाऊ द्या तिला. काय वाईट-वंगाळ झालं तर मला विचारा.” लग्नाला बावन्न वर्षं झाली, नवऱ्याच्या शब्दापुढे चारचौघांत शब्द टाकायची त्यांची ती पहिली वेळ. आईच्या वाटणीचं बोलणं आजीने केलं, याची राजेश्रीला लाज होती आणि उपकारही होते. जिने पोरीला बाहेर काढलं तिलाच पोर दिसू नये, हे तिला सहन होत नव्हतं. नांदेडचे डॉक्टर काय म्हणतील या विचाराने तिची आठवडाभर झोप उडाली होती.

“प्रियांका, तूच सांग,” बालाजी धाकट्या भावजयीकडे वळला. “तुमच्या घरी किती इंची हाय?”

“भाऊजी, मला विचारताव तर मोठाच घ्या. आमच्याकडं ह्यांनी लहान आणलाय न भारीतला. मालिकेतल्या बायांचे दागिने बी नीट दिसंनात.”

बायको उलटल्यामुळे गोपीचंद चिडला आणि मोबाइलवर आणखी एक व्हिडिओ शोधू लागला. चतुराबाई पाणी प्यायला उठल्या. मेथीचा ढीग अर्धा राहिला होता, म्हणून राजेश्री त्यांच्या जागेवर जाऊन बसली, पाठ चौकटीला टेकली आणि जुडी हातात घेतली. दोन-चार काड्या निवडून तिने सवयीने टीव्हीकडे पाहिलं.

टीव्ही बिघडला होता. बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा पिठात बुडवून काढल्यासारखा. तिची साडी कोणत्या रंगाची तेही कळेना.

“अवो, टीवी गेला वाटतं,” राजेश्री म्हणाली.

“कुठं? चांगला तर चाललाय,” बालाजी म्हणाला.

ती उठून उभी राहिली आणि दोन पावलं पुढे गेली. टीव्ही नीट. बाईची साडी निळी होती. ती मागे येऊन बसली, टीव्ही बिघडला. तिने पुन्हा उठून पाहिलं, पुन्हा बसून पाहिलं. मग तिच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

“प्रियांका, इकडं ये. हितं बस.”

“काय झालं ताई?” प्रियांका येऊन बसली. “अगं बाई, ह्याला काय झालं?”

“त्याला काही न्हाई झालं. ऊठ तू. भाऊजी, तुमी बसा.”

गोपीचंद बसला. त्याने मान तिरकी केली, सरळ केली, आणि त्याच्या तोंडून आपसूक निघालं, “अँगल.” बाजूने आणि खालून पाहिलं की काही स्क्रीन फिकट पडतात, रंग उडतात, हे त्याला माहीत होतं. पन्नास व्हिडिओंत ऐकलं होतं. मघाशी दादाला सांगतानाही तो शब्द त्याने दोनदा वापरला होता. फक्त आपल्या आईच्या जागेवर तो आजवर कधी बसला नव्हता. मोबाइल खिशात घालून तो तिथेच बसून राहिला.

“काय चाललंय तुमचं? फुगडी खेळायलाव का?” दिनकररावांनी विचारलं.

“नाना, तुमी या जरा,” बालाजी म्हणाला. तोही एव्हाना बसून उठला होता.

दिनकरराव उठले. चौकटीला हात धरून, गुडघे कटकट वाजवत ते खाली बसले. त्या जागी त्यांना बसलेलं कुणीच कधी पाहिलं नव्हतं. बराच वेळ ते टीव्हीकडे बघत राहिले. तेवढ्यात चतुराबाई तांब्या हातात घेऊन आतून आल्या आणि आपल्या जागेवर नवऱ्याला बघून थबकल्या.

“तुला असंच दिसायलंय?” दिनकररावांनी मान वर करून विचारलं. “पैल्यापासून?”

“व्हय. कामून?”

“मग बोलली का न्हाईस कवा?”

“आता त्यात काय बोलायचं?” चतुराबाई म्हणाल्या. “मला वाटलं सगळ्यालाच असं दिसतंय. टीवी असाच असतोय.”

राजेश्रीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आठ वर्षं झाली होती त्या टीव्हीला. आठ वर्षं ही बाई पांढऱ्या माणसांची पांढरी लग्नं आणि पांढरे सण बघत होती, आणि घरातल्या कुणालाच पत्ता नव्हता. आपणही त्यातच. आपण तर रोज तिच्या अंगावरून ताटं घेऊन ये-जा करत होतो.

सगळ्यात आधी बालाजी सावरला. “म्हणजे मायचे डोळे चांगले हायत की रे,” तो म्हणाला आणि एकदम हसायला लागला. इतक्या दिवसांची फिकीर अशी एकदम उतरल्यावर माणसाला दुसरं काय सुचणार? गोपीचंदही हसला. दोघे भाऊ एकमेकांकडे बघून हसले, हे चतुराबाईंनी बरोबर टिपलं. मग त्यांनी बालाजीपुढे हात पसरला.

“काय, माय?”

“किल्ल्या.”

बालाजीने मुकाट्याने खिशातून जुडगा काढून दिला. त्यांनी तो कमरेला खोवला आणि सोमवारच्या नांदेडच्या नंबराचा निकाल लागला.

दिनकरराव अजून खालीच बसले होते. चुकलेला माणूस चूक लवकरात लवकर मिटवायला बघतो, तसं ते म्हणाले, “मग झालं तर. नवा टीवी कशाला? आजपासून तू तिकडं समोर बसत जा. माझ्या खुर्चीच्या बाजूला.”

गोपीचंदचा चेहरा पडला. राजेश्रीला मात्र वाटलं, चला, आत्याबाईंना समोरची जागा मिळाली, याच्यापेक्षा मोठं काय पाहिजे? पण चतुराबाई मेथीच्या ढिगापाशी बसत म्हणाल्या, “आज बसवताल. उद्या चार पाव्हणे आले की मी परत दारातच. गॅसवरचं दूध समोरून दिसत न्हाई, न मला बिनकामाचं बसवत न्हाई. माझी जागा राहू द्या जिथल्या तिथं. आणायचाच असंल तर दारातून दिसंल असा टीवी आणा.”

 नातीच्या वेळेनंतर त्यांनी या घरात मागितलेली ही दुसरी गोष्ट होती.

“न मी बघून घेणार,” त्यांनी पुढे जोडलं. “तुमच्या मोबाइलवर न्हाई. दुकानात जाऊन.”

दिनकररावांनी मुलांकडे पाहिलं. “घेऊन जा हिला,” ते म्हणाले.

शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या वेळेला चौघं परभणीत हजर होती. निघण्याआधी राजेश्रीने एक काम केलं होतं. टीव्हीच्या भिंतीपासून दारापर्यंत तिने तिरकं चालून पाहिलं आणि पावलं मोजली. सात भरली. प्रियांकाला दिनकररावांच्या जेवणासाठी मागे ठेवलं होतं. चौघं निघेपर्यंत ती सांगत राहिली की ताई, मोठाच बघा.

दुकानाचे मालक बन्सीधर यांनी चौघांना थंड पाणी दिलं आणि सगळ्यात महाग टीव्हीसमोर उभं केलं. गोपीचंदचा ओएलईडी. काळ्या कुट्ट आभाळात तारे चमकत होते. गोपीचंदने विजयी नजरेने दादाकडे पाहिलं. बालाजीलाही नाही म्हणवेना, इतकं ते सुंदर होतं.

राजेश्रीने भिंतीला पाठ लावून सात पावलं तिरकी टाकली. “आत्याबाई, हितं.”

चतुराबाईंनी पदर सावरला आणि त्या ठिकाणी, दुकानाच्या चकचकीत फरशीवर, एक गुडघा वर घेऊन बसकण मारली.

“मावशी, अवो खुर्ची देतो ना,” बन्सीधर गडबडून म्हणाले.

“घरी मी खुर्चीवर बसत न्हाई बाबा.”

दुकानात आलेलं एक नवं जोडपं थांबून बघायला लागलं. राजेश्रीला क्षणभर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिला भक्ती आठवली, वसतिगृहाच्या फाटकातून एकटी आत गेलेली, आणि ती सासूच्या शेजारी फरशीवर जाऊन बसली. दोघींनी माना एकाच बाजूला वळवल्या.

“दिसायलंय,” चतुराबाई म्हणाल्या. “इथून बी काळंच दिसायलंय. चांगला हाय.”

“मनलं न्हवतं?” गोपीचंद म्हणाला.

पण बालाजी डोकं खाजवत होता. शेतकरी माणूस, उजेड कुठून येतो याकडे त्याचं लक्ष आधी जायचं. “शेठ, आमचा बाहेरचा दरवाजा टीवीच्या बरोबर समोर हाय. दिवसभर उघडा असतोय, न दुपारी ऊन पार मधी येतंय. तुमच्या इथं अंधार करून ठेवलाय. ते पुढचं शटर पूर्ण वर घ्या बरं.”

शटर वर गेलं. रस्त्यावरचा उजेड आत घुसला आणि काळ्या आभाळात तारे राहिले बाजूला, समोरचं रसवंतीचं दुकान, उभी रिक्षा आणि शटरपाशी उभा बालाजी असं सगळं स्पष्ट दिसायला लागलं.

“बालाजी दिसायलाय ह्यात,” चतुराबाई म्हणाल्या. “त्याला बघायला टीवी कशाला?”

बन्सीधरही हसले. गोपीचंदने ब्राइटनेस वाढवायला लावला, थोडा फरक पडला, पण रिक्षा काही हलली नाही. एरवी त्याने अजून तासभर किल्ला लढवला असता. आज तो दादाला एवढंच म्हणाला, “उजेडाचं माझ्या ध्यानात न्हवतं आलं.” बालाजीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. वाटणीच्या दिवसानंतर एका भावाचा हात दुसऱ्याच्या पाठीवर पडताना राजेश्री पहिल्यांदा बघत होती.

मग बालाजीचा पासष्ट इंची. समोरून रंगांचा नुसता भडका होता आणि उजेडात तो महागड्या ओएलईडीवर मात करत होता. बालाजीची छाती फुगली. चतुराबाई बसल्या, त्यांनी पाहिलं आणि मान हलवली.

“परत तसंच. मोठ्ठं पांढरं.”

“जरासंच फिकट दिसतंय माय,” बालाजी खाली बसून म्हणाला.

“आठ वर्ष इथं बसून बघ, मग सांग जरासंच हाय म्हणून.”

बालाजी उठला. पासष्ट इंच गेले.

बन्सीधरांना आता गंमत वाटायला लागली होती. आजवर गिऱ्हाईक त्यांना इंच विचारायचं, आवाज विचारायचं. दारात बसून दिसतं का हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी कोपऱ्यातला पंचावन्न इंची एलईडी लावला. “ह्याचा पडदा वेगळ्या जातीचा असतोय, मावशी. आयपीएस म्हणतेत. समोरून ह्या दोघांइतका उठावदार न्हाई, पण कुठूनही बघा, सारखाच. एक उणं हाय, आधीच सांगतो. ह्यात काळं थोडं राखाडी दिसतंय.”

लावलेल्या चित्रात एक बाजार होता. चतुराबाई बघत राहिल्या. बघता बघता त्या थोड्या पुढे झुकल्या. राजेश्रीला आधी कळेना त्या काय करतायत. मग दिसलं, त्या बोटाने मोजत होत्या. टोमॅटो, मिरच्या, जांभळी वांगी. एका बाईचं हिरवं लुगडं. त्याचा लाल काठ.

“काठ दिसायलाय गं,” त्या हळूच म्हणाल्या.

गोपीचंदला राहवलं नाही. “माय, पण काळं बघ ना. राखेसारखं हाय.”

“काळं बघून मला काय करायचंय?” चतुराबाई म्हणाल्या. “पोर बघायचीय.”

तिथेच टीव्ही ठरला.

संध्याकाळी दुकानाचा माणूस भिंतीवर टीव्ही बसवून गेला. आधीचा जिथे टांगला होता त्याच्या दीड हात खाली, कारण चतुराबाई दारात बसून ‘अजून खाली, अजून खाली’ करत राहिल्या. उभ्या माणसाला आता थोडं वाकून बघावं लागत होतं. दिनकररावांनी काही कुरकुर केली नाही.

रविवारी साडेतीनपासून गल्ली लोटली. भक्तीचा सामना टीव्हीवर आहे आणि टीव्ही नवा आहे, या दोन बातम्यांपैकी कोणती जास्त पसरली होती सांगता येत नाही. सतरंजीवर पुरुष आणि पोरं दाटीवाटीने बसली. शेजारचे सूर्यभानतात्या, गल्लीतले सगळ्यात वडीलधारे, काठी टेकत आले, तेव्हा दिनकररावांनी उठून आपली खुर्ची त्यांना दिली. बायका भिंतीच्या कडेने. आणि चतुराबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. चार पाव्हणे आले आणि त्या दारातच होत्या. पुढ्यात लसणाचं ताट, पाठ चौकटीला.

दिनकरराव उभे होते. सतरंजीवर पुढे त्यांच्यासाठी जागा करून ठेवलेली होती, राजेश्रीने ती पाहिली होती, आणि गोपीचंद ‘नाना, इकडं’ म्हणून हातही हलवत होता. दिनकररावांनी तिकडे पाहिलं नाही. ते बायकांच्या मधून वाट काढत दारापाशी आले.

“सरक जरा,” ते म्हणाले.

चतुराबाईंनी ताट उचललं आणि चौकटीची अर्धी बाजू मोकळी केली. चारचौघांत, गल्लीच्या देखत, ते बायकोशेजारी जमिनीवर बसले. दोन-तीन बायकांनी पदर तोंडाला लावला. सूर्यभानतात्यांनी मागे वळून पाहिलं आणि पुन्हा पुढे बघायला लागले.

सामना सुरू झाला. भक्तीच्या संघाची पाठलागाची पाळी होती. पिवळ्या पोरी चौकात बसल्या, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. दिनकररावांना खो-खो तसा ठाऊक होता, शाळेतला. हा फारच वेगाचा होता.

“आपली कुठली?” त्यांनी विचारलं.

“खांबाच्या अलीकडली. तिकडं तोंड केलेली. वेणी डोक्यावर बांधलीय बघा.”

“तुला पाठमोरी कळायली?”

“तिला मी न्हाऊ घातलंय,” चतुराबाई म्हणाल्या.

एक गडी बाद झाला, दुसरा झाला. तिसरी पोर मात्र हाताला लागेना. भक्तीच्या संघाच्या चौघी तिच्यामागे पळून दमल्या. मग भक्तीला खो मिळाला. ती उठली, तीन-चार ढांगांत खांबापाशी पोहोचली आणि खांबाला एका हाताने धरून तिने आडवा सूर मारला. समोरची पोर वळत होती, तिच्या पाठीला बोटं लागली. पंचाची शिट्टी झाली.

बैठकीचं छप्पर उडायचं तेवढं राहिलं. बालाजी आणि गोपीचंदनी एकमेकांना मिठी मारली आणि मग काय केलं ते कळून दोघेही लाजले. पोरं नाचायला लागली. राजेश्रीला काही दिसेनासं झालं, डोळे भरून आले होते. तिने सासूकडे पाहिलं. चतुराबाई ओरडत नव्हत्या. लसूण सोलायचा हात थांबला होता आणि त्या टक लावून बघत होत्या.

“कोपर फुटलंय पोरीचं,” त्या म्हणाल्या.

गलबल्यात कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी आवाज चढवला. “भक्तीचं कोपर फुटलंय. डावं.”

समोरची माणसं मागे वळली, मग टीव्हीकडे बघायला लागली. तीच उडी पुन्हा, सावकाश दाखवत होते. भक्ती आडवी पडली, घसरत गेली, उठली. पिवळ्या बाहीच्या खाली, कोपरावर, लाल होतं.  समोर बसलेल्या साऱ्या गल्लीच्या नजरेतून ते सुटलं होतं.

“कुठं?” दिनकरराव पुढे झुकले.

“ते बघा, बाहीच्या खाली. दिसलं?”

“दिसलं,” दिनकरराव म्हणाले.  “बघ बरं, तशीच उठून पळायलीय.”

“फोन लाव गं तिला,” चतुराबाई राजेश्रीला म्हणाल्या.

“आत्याबाई, सामना चालू हाय अजून.”

“मग संपला की लाव. हळद दाबली का इचार. न सांग तिला, आजीनं बघितलं मनावं. समदं दिसलं.”

राजेश्रीने पदराने डोळे पुसले आणि मोबाइल हातात घेऊन दोघांच्या शेजारी दारातच बसली. दिनकररावांनी टीव्हीवरची नजर काढली नाही.

“राजेश्री,” ते म्हणाले, “आजोबानं बी बघितलं मनावं.”

ती हो म्हणाली. पाळीची अजून चार मिनिटं बाकी होती.